कायमची गरज, तात्पुरता माणूस

मराठीत ‘टाकणे’ हे क्रियापद वस्तूंना जितके लागू पडते तितकेच माणसांनाही लागू पडते. केर टाकतात, विटलेले अन्न टाकतात, आणि नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईलाही ‘टाकलेली’ म्हणतात. या शेवटच्या प्रयोगात कर्ता बहुधा अध्याहृत राहतो, म्हणजे कोणी टाकले हे सांगितले जात नाही, आणि टाकल्याचा डाग मात्र जिला टाकले तिच्यावरच बसतो. ‘टाकाऊ’ या विशेषणाचेही तसेच आहे. टाकाऊ म्हणजे टाकण्याजोगे. पण बोलण्यात तो शब्द असा येतो की लोखंडाचा जडपणा किंवा मिठाचा खारटपणा तसा टाकाऊपणा हा त्या वस्तूचा अंगभूत गुण आहे असे वाटावे. गेल्या सव्वाशे वर्षांतील उद्योगांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. वस्तू आणि माणसे टाकाऊ ठरतात ती झिजल्यामुळे कमी, आणि ज्या अटींवर त्यांना वापरायला घेतलेले असते त्या अटींमुळे अधिक. आणि या अटी वापर सुरू होण्यापूर्वीच ठरलेल्या असतात.

वस्तूंच्या बाबतीत ही गोष्ट दाढीच्या पात्यात अगदी लवकर दिसून आली. जुना वस्तरा वर्षानुवर्षे टिके, कारण चामड्याच्या पट्ट्यावर घासून त्याला पुन्हापुन्हा धार लावता येई. किंग कँप जिलेट या अमेरिकी व्यावसायिकाने १९०४ मध्ये पेटंट मिळवलेले पातळ पाते धार लावण्यासाठी नव्हतेच; ते बोथट झाले की काढून टाकायचे आणि दुसरे बसवायचे होते. दांडा एकदाच विकला जाई, पाती मात्र गिऱ्हाइकाच्या आयुष्यभर विकली जात. गरज कायमची राहू द्यायची आणि ती भागवणारी वस्तू तात्पुरती करायची, हे या धंद्याचे सूत्र होते आणि पुढे अनेक उद्योगांनी ते उचलले.

विजेच्या दिव्याची कथा याहून बोलकी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे युरोप, अमेरिका आणि जपान येथील दिवे बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांशी संबंधित मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ‘फीबस’ नावाचे कार्टेल स्थापन केले. कार्टेल म्हणजे एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी किंमत, उत्पादन किंवा बाजारपेठेची वाटणी यांबाबत आपसांत केलेला संगनमताचा करार. त्या काळी साधा दिवा दीड ते दोन हजार तास जळत असे. या करारानुसार तो सुमारे १,००० तासच जळावा असे ठरले, कारखान्यांतील नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवणे बंधनकारक झाले, आणि ज्या कंपनीचे दिवे ठरल्यापेक्षा जास्त टिकतील तिला दंड भरावा लागू लागला. दिव्यातील तार अधिक तापवली तर उजेड जास्त पडतो पण तार लवकर जळते, म्हणून आयुष्य आणि उजेड यांत तडजोड करावी लागते, असा बचाव कंपन्यांकडून केला गेला आणि त्यात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तथ्यही आहे. तरीही जास्त टिकणारा दिवा बनवणे हा दंडपात्र गुन्हा ठरावा, हे केवळ उजेडाच्या काळजीपोटी घडले असे मानणे कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धाने तो करार मोडला, पण मालाचे आयुष्य माल बनवणाऱ्याने आधीच ठरवायचे ही कल्पना मोडली नाही.

त्या कल्पनेला उघड तात्त्विक रूप दिले ते १९३२ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन तडाख्यात, न्यूयॉर्कमधील बर्नार्ड लंडन या जमीनजुमल्याच्या दलालाने. लोक जुन्या वस्तू फार काळ वापरतात म्हणून कारखाने बंद पडतात, असे निदान करून त्याने एका पुस्तिकेत सुचवले की सरकारने प्रत्येक वस्तूला आयुर्मर्यादा नेमून द्यावी, ती संपली की वस्तू कायद्याने ‘मृत’ समजून नष्ट करावी, आणि मुदतीनंतरही जो ती वापरत राहील त्याच्यावर कर बसवावा. या योजनेसाठी त्याने वापरलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘नियोजित कालबाह्यता’. लंडनचा कायदा कोणत्याही देशाने केला नाही, परंतु कायद्याच्या सक्तीने जे व्हायचे होते ते पुढे जाहिरातीच्या आर्जवाने झाले. १ ऑगस्ट १९५५ च्या ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात एका कुटुंबाचे छायाचित्र छापले होते, ज्यात आई, वडील आणि मूल कागदी पेले, ताटल्या आणि तत्सम वस्तू हवेत उधळताना दिसतात. या वस्तू धुवायच्या झाल्या असत्या तर चाळीस तास लागले असते, असे सोबतचा मजकूर सांगत होता. घरातील बाईचे श्रम वाचतील या आश्वासनावर वापरा-आणि-फेका जीवनपद्धतीचे स्वागत झाले, आणि ते आश्वासन खोटे नव्हते; फक्त फेकलेल्या वस्तू कोण उचलणार, हे त्या छायाचित्रात कुठेच नव्हते.

आजच्या वस्तूंमध्ये आयुर्मर्यादा बसवण्याचे मार्ग अधिक सूक्ष्म झाले आहेत. मोबाइलची बॅटरी स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेली असते, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, आणि यंत्र धडधाकट असूनही त्यातील सॉफ्टवेअरला नव्या सुधारणा मिळणे बंद झाले की ते निरुपयोगी ठरते. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा कायद्याने गुन्हा ठरवला आणि २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारनेही २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमून एक संकेतस्थळ सुरू केले. तोवर त्या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला होता, आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे.

महाराष्ट्रातील घरांत दुरुस्तीची परंपरा मोठी होती. विरलेल्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवली जाई, पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा भाता घेऊन दारोदार फिरे, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण कपड्याला दुसऱ्या घरात दुसरे आयुष्य मिळवून देई. यातील काही गोष्टी गेल्या त्या जाण्यासारख्याच होत्या. घरोघर स्टेनलेस स्टील आल्यावर कल्हईची गरजच उरली नाही आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही, फक्त कल्हईवाल्याचे बिघडले. बाकीच्या दुरुस्त्या मागे पडल्या त्याचे कारण मात्र आर्थिक आहे. नवी वस्तू जिथे मजुरी सर्वात कमी तिथे, यंत्रावर, लाखांच्या संख्येने बनते, तर दुरुस्ती जिथे वस्तू वापरली जाते तिथे, हाताने, एकेक करून करावी लागते; त्यामुळे दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीला जाऊन भिडते आणि गिऱ्हाईक साधा हिशेब करून जुनी वस्तू टाकून देतो. नव्या वस्तूची स्वस्ताई कशातून येते हे २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील साभार येथे जगाला दिसले. पाश्चात्त्य बाजारपेठेसाठी स्वस्त कपडे शिवणारे कारखाने असलेली ‘राणा प्लाझा’ ही आठ मजली इमारत त्या दिवशी कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले.

भारतात वापरा-आणि-फेका संस्कृती श्रीमंतांच्या घरून खाली झिरपत आली असा एक समज आहे, तो अर्धाच खरा आहे. खेड्यांत आणि वस्त्यांत ती पोहोचली ती १९८० च्या दशकापासून फैलावलेल्या शॅम्पूच्या पुडीमधून. रोजची मजुरी रोज खर्च करणाऱ्याला बाटली परवडत नाही, एका न्हाणापुरती पुडी परवडते, हे ओळखून कंपन्यांनी शॅम्पू, तेल, कपड्याची पावडर, सुपारी असा सगळा बाजार पुडीत बांधला. थोडेथोडे घेण्याची रीत जुनीच होती. पूर्वी मजूर बाई घरून बाटली नेऊन सुटे तेल आणी आणि साखर रद्दीच्या कागदात बांधून मिळे. फरक पडला तो आवरणात. पुडीचे आवरण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून बनवलेले असते, ते थर किफायतशीरपणे वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही, आणि ज्या वस्तूला भंगाराचाही भाव नाही ती गटारात, शेतात, जनावराच्या पोटात कुठेही जाते. प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनश्चक्रीकरण न होणारे असे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे असे म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीत ती अट फक्त अशाच प्लास्टिकपुरती उरली, ज्याचे पुनश्चक्रीकरण होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा अन्य काही उपयोगही नाही. जाळून उष्णता मिळते असे म्हटले की जवळजवळ कोणतेही प्लास्टिक त्या अटीतून सुटते. शब्दांच्या या एका बदलाने पुडी वाचली आणि ती उचलण्याचे काम जिच्याकडे होते तिच्याकडेच राहिले.

तिच्याकडे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईकडे. ‘टाकून देणे’ या क्रियेत एक मोठा भ्रम दडलेला आहे. टाकलेली वस्तू नाहीशी होते असे टाकणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात ती फक्त त्याच्या नजरेआड दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जाऊ लागला. सव्वाशेहून अधिक हेक्टरांच्या त्या डेपोवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आणि त्यांच्या पायथ्याशी गोवंडीच्या वस्त्या वाढल्या. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे आग लागून शहरभर धूर पसरला तेव्हा इतर मुंबईकरांना देवनारची काही दिवस आठवण झाली, जी पायथ्याच्या माणसांना बारमाही असते. पुण्यात या कामातील बायकांनी मात्र एक वेगळी वाट धरली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने आणि डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सभासद प्रामुख्याने दलित समाजातील बायका होत्या. संघटनेने प्रथम मागितले ते पैसे नव्हते, ओळखपत्र होते. कारण पहाटे कचराकुंडीपाशी दिसलेली बाई पोलिसांच्या आणि रहिवाशांच्या लेखी चोर ठरे, आणि हे काम म्हणजे शहराच्या खर्चात बचत करणारा व्यवसाय आहे हे महापालिकेच्या कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते. महापालिकेने ती ओळखपत्रे मान्य केली, आणि पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार महापालिकेशी केला.

२०१३ मध्ये याच बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या भरून त्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या. जाहिरातीत स्वच्छतेचे प्रतीक म्हणून दाखवली जाणारी वस्तू दुसऱ्या दिवशी कोणाच्या उघड्या हातात पडते, हे वस्तू बनवणाऱ्याला कळावे इतकाच त्यामागचा हेतू होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा कंपन्यांनी नॅपकिनसोबत विल्हेवाटीसाठी वेगळे वेष्टण द्यावे असे कलम आले. वस्तू टाकण्याचा खर्च ज्याने वस्तू बनवली त्याने सोसावा, हे तत्त्व धोरणांच्या भाषेत ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ म्हणून ओळखले जाते. पुण्यातील वेचक बायकांनी ते कोणत्याही परिभाषेशिवाय टपालाने पोचवले.

जुनी दुरुस्तीची संस्कृती आठवताना हळवे होण्याचा मोह टाळला पाहिजे, याचे कारण इथेच आहे. जो समाज लुगड्याची चिंधी वाया जाऊ देत नव्हता, तोच समाज माणसांच्या एका मोठ्या वर्गाला गावकुसाबाहेर ठेवून गावाने टाकलेले सर्व काही त्यांच्या वाट्याला घालत होता: मेलेले जनावर ओढून नेणे, त्याचे मांस, शिळे-उष्टे अन्न, आणि प्रेतावरचे कापड. काटकसर आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मृत जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले, त्याचा अर्थ या दृष्टीने पाहिला तर फार खोल आहे. ज्याला टाकलेले घ्यावे लागते त्याला हळूहळू टाकलेल्यासारखेच वागवले जाते, आणि म्हणून ते घ्यायचे नाकारणे हीच माणूसपणाकडे जाणारी पहिली पायरी होते. आधुनिक शहराने ती जुनी विभागणी मोडली नाही, तिला नवा पोशाख दिला. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी गटारांत गुदमरून माणसे मरत राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवलेली भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांपर्यंत वाढवावी लागली.

पोलंडमध्ये जन्मलेले समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वेस्टेड लाइव्ह्ज’ या ग्रंथात असे मांडले की आधुनिक अर्थव्यवस्था जसा वस्तूंचा कचरा निर्माण करते तशीच ती ‘अतिरिक्त’ माणसेही निर्माण करते, ज्यांची कोणालाच गरज उरत नाही असे निर्वासित, बेकार, स्थलांतरित. युरोपकडे पाहून केलेले हे निरीक्षण मोलाचे आहे, परंतु महाराष्ट्राला ते पुरते लागू पडत नाही. इथे ज्यांना टाकाऊ मानले जाते ती माणसे अतिरिक्त मुळीच नाहीत. त्यांच्या कामावाचून शहर एक दिवस चालणार नाही. गरज त्यांच्या कामाची आहे आणि कायमची आहे, फक्त ते काम करणारे अमुकच माणूस हवे असे नाही, एक गेले की दुसरे उभे करता येते. जी अट जिलेटच्या पात्याला होती तीच इथे माणसाला आहे.

मुंबईच्या गिरण्यांत या अटीसाठी एक नावच होते: ‘बदली कामगार’. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी काम मिळेल या आशेने बदली कामगार रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही, काम मिळाले तर आत जाई, नाही मिळाले तर हात हलवत परत येई. गिरणी मालक संघाने १९३० च्या दशकात या पद्धतीला कार्डे देऊन शिस्त लावली, पण पद्धत तशीच ठेवली, आणि अनेकांची उमेदीची वर्षे बदली म्हणूनच गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत पगारवाढीसोबत बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि संपाआधीच आजारी पडू लागलेल्या गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्यानंतर जे घडले ते अधिक शिकवणारे आहे. यंत्रे भंगारात गेली, कामगार गावी गेले किंवा फुटपाथवर भाजी विकू लागले, पण जमिनीला मात्र कोणी टाकाऊ म्हटले नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकांना असे वाटप सांगितले. २००१ च्या बदलाने हे वाटप फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरते आकुंचन पावले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपाला ३० वर्षे झाल्यावर, आणि दीड लाखांहून अधिक अर्जदारांपैकी बहुतेकांचे डोळे अजून पुढच्या सोडतीकडे लागलेले आहेत. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक या उद्ध्वस्त घरांतून उभे राहिले आहे, आणि ज्याला आकड्यांपलीकडचे काही जाणून घ्यायचे असेल त्याने ते वाचावे.

गिरण्या गेल्या, बदली पद्धत मात्र वेगवेगळ्या नावांनी पसरली. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा केंद्रीय कायदा सांगत होता की बारमाही स्वरूपाच्या कामासाठी कंत्राटी पद्धतीवर सरकार बंदी घालू शकते. परंतु मुळात तो २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होत असल्याने विसाच्या आतले गट करून कंत्राटे वाटण्याची युक्ती रूढ झाली. मुंबईसारख्या शहरात कचरा उचलणे याहून बारमाही काम कोणते असेल? तरीही महापालिकेच्या कचरा वाहतुकीतील हजारो कामगार वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले, त्यांना कधी ‘स्वयंसेवक’ आणि त्यांच्या वेतनाला ‘मानधन’ म्हटले गेले. ‘कचरा वाहतूक श्रमिक संघा’ने दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. निकाल मोठा होता, पण त्याच शहरात त्या सुमारास मोबाइलवरून अन्न आणि प्रवासी पोचवणाऱ्यांची नवी फौज उभी राहत होती, ज्यांना कंपन्या कामगार न म्हणता ‘भागीदार’ म्हणतात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये अशा कामांत ७७ लाख माणसे होती. भागीदाराला नोटीस द्यावी लागत नाही. त्याचे खाते बंद केले की पुरे होते.

नावे बदलून माणूस झाकण्याची ही रीत सर्वात उघडी पडते ती उसाच्या फडात. बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. मुकादम हंगामापूर्वी त्यांना ‘उचल’ देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून वळती होते; ती फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा. उचल दिली जाते ती जोडीला, नवरा आणि बायको मिळून, आणि या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. हातातल्या हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे की ती वापरणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी वापरली जाते त्यालाही खटकत नाही. बाईची मजुरी या एका कोयत्यात विरघळून जाते, तिच्या हाती वेगळी पडत नाही. पण कामाला न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’, म्हणजे कापली जाणारी रक्कम, तिच्या दुखण्यावर लागू होतो. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नसते, आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावरून वाहाव्या लागतात, जंतुसंसर्ग होतो, आणि खासगी दवाखान्यात एकदाच कायमचा उपाय म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. बोलीत याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली, त्यात १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्याच्या काही वर्षे आधी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. हंगाम बुडू नये म्हणून शरीराचा एक अवयव काढून टाकण्याची वेळ यावी, यापुढे पाते आणि दिवे यांची चर्चा थांबते.

टाकलेल्यांनी स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने यापूर्वी एकदा हाताळलेला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगमनेर येथून परित्यक्तांच्या हक्कांची चळवळ सुरू झाली, तिने ‘टाकलेली’ या शब्दामागचा कर्ता पुढे आणला, पोटगी आणि निवारा हे उपकार नसून हक्क आहेत असे म्हटले, आणि गावोगावच्या बायकांची नावानिशी मोजणी करायला लावली. उसाच्या फडातील प्रश्नालाही तिथूनच हात घालता येईल. महाराष्ट्रातील साखर कारखाने मोठ्या प्रमाणावर सहकारी आहेत, त्यांचे मालक म्हणजे भागधारक शेतकरी, आणि हे वाचणाऱ्यांत असे सभासद किंवा त्यांची मुलेबाळे निश्चितच असतील. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी होते, तिथे उसाच्या भावावर आणि साखरेच्या उताऱ्यावर तासन्‌तास चर्चा होते. येत्या सभेत सभासदांनी उभे राहून आणखी एक मागणी करावी: तोडणीच्या नोंदवहीत ‘एक कोयता’ असे न लिहिता दोन माणसांची दोन नावे लिहावीत, मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर जमा करावी, आणि गेल्या हंगामात आपला ऊस कोणी तोडला त्यांची यादी अहवालात छापावी.